बदलून मिळालेला फोन परदेशात चालेल का?

मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय संपला, चहा आला, आणि आपल्या एका आपानं पिशवीतून फोन काढून सगळ्यांसमोर ठेवला. म्हणाली, "ह्या फोननं मला मदिनेत रडवलं. ह्याची गोष्ट आपल्या अंकात घाला, म्हणजे दुसरीवर ती पाळी यायला नको."

आपल्या रत्नागिरी-रायगडच्या पट्ट्यात प्रत्येक घरातलं नाही, तरी प्रत्येक वाडीतलं कोणी ना कोणी बाहेर असतंच. कोणी कुवेतला, कोणी दुबईला, कोणी सौदीला, कोणी बोटीवर. त्यांच्याकडून फोन इकडे येतात, इकडचे फोन तिकडे जातात. हल्ली आपण बायकाही जातो. लेकीच्या बाळंतपणाला जातो, हजला, उमऱ्याला जातो. मग हातातला फोन तिकडे लागेल की नाही, हा प्रश्न नुसता गमतीचा राहत नाही. परक्या गावात तोच आपला आधार असतो.

म्हणून हा लेख. थोडा मोठा आहे, पण गटाच्या बैठकीत दोन भागांत वाचता येईल.

आपाच्या फोनचं काय झालं

आपाचा पुतण्या बोटीवर आहे. त्यानं अमेरिकेत तिथल्या एका मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर आयफोन घेतला होता. हप्ते फिटल्यावर कंपनीकडून तो मोकळा करून घेतला आणि सुट्टीवर आला तेव्हा चाचीला दिला. दीड वर्ष फोन छान चालला. आपलंच सिम, आपलाच नंबर, काही तक्रार नाही.

मग फोन पाण्यात पडला. पुतण्यानं तिकडे विमा काढलेला होता. तो परत जाताना फोन घेऊन गेला आणि विम्यात त्याला बदली फोन मिळाला. तेच मॉडेल, तोच रंग. उमऱ्याच्या पंधरा दिवस आधी तो फोन कोणाबरोबर तरी घरी पोचला. आपानं सिम घातलं, तर पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली, 'सिम नॉट सपोर्टेड'. म्हणजे हे सिम इथे चालणार नाही.

तिला वाटलं सिम खराब झालं. तालुक्याला जाऊन सिम बदलून आणलं. तरी तेच. मग एका दुकानदारानं सांगितलं, "फोन लॉक आहे, साडेतीन हजारात खोलून देतो." त्यानं सिमच्या खाली कागदासारखी पातळ चिप बसवली आणि फोन सुरू झाला. आपा खूश.

सौदीला उतरल्यावर तिथलं सिम घेतलं, चिपवर बसवलं, आणि फोन पुन्हा मुका. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप चालायचं, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मदिनेत नमाजानंतरच्या गर्दीत ती आपल्या माणसांपासून चुकली. हॉटेलचं नाव आठवेना. नवऱ्याचा नंबर फोनमध्येच होता, पाठ नव्हता, पण फोन लावायला नेटवर्क नव्हतं. चार तासांनी एका मराठी बोलणाऱ्या माणसानं गळ्यातल्या कार्डावरचं हॉटेल वाचून तिला पोचवलं. "फोन हातात होता," आपा म्हणाली, "पण दगड हातात असल्यासारखा."

परत आल्यावर पुतण्यानं नव्या फोनचा आकडा देऊन अमेरिकेतल्या कंपनीकडे पुन्हा अर्ज केला. दोन दिवसांत फोन मोकळा झाला. खर्च शून्य. हेच आधीच्या पंधरा दिवसांत झालं असतं. फक्त कोणाला माहीत नव्हतं.

हे कुलूप असतं तरी कसलं?

समजा दुकानदारानं तुम्हाला गॅसची शेगडी हप्त्यावर दिली आणि सांगितलं, "सिलिंडर माझ्याकडूनच घ्यायचा. दुसऱ्याचा बसणार नाही, अशी सोय मी शेगडीतच केली आहे." मोबाइल कंपनीचं कुलूप असंच असतं. फोन चांगला, पण तो फक्त त्या एका कंपनीचं सिम ओळखतो. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की नाही म्हणतो. ह्याला 'नेटवर्क लॉक' किंवा 'कॅरिअर लॉक' म्हणतात. कॅरिअर म्हणजे मोबाइल सेवा देणारी कंपनी.

अमेरिकेत ही पद्धत अजून आहे. तिकडे पुष्कळ लोक फोन मोबाइल कंपनीकडूनच हप्त्यावर किंवा सवलतीत घेतात आणि कंपनी आपले पैसे सुटेपर्यंत गिऱ्हाईक बांधून ठेवते. पण कुलूप कायमचं नसतं. २०१४ साली अमेरिकेत कायदा झाला, त्यानं ग्राहकाला आपला फोन उघडून घेऊन दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची कायदेशीर मोकळीक मिळाली. कंपन्यांच्या अटी साधारण सारख्या असतात. हप्ते पूर्ण फिटलेले असावेत, फोन चोरीचा किंवा हरवलेला म्हणून नोंदलेला नसावा, आणि त्यांच्या सेवेवर ठराविक दिवस वापरलेला असावा. हे दिवस कंपनीगणिक बदलतात, आणि आधी पैसे भरून घेतलेल्या प्रीपेड फोनला जास्त दिवस थांबावं लागतं.

इतर देशांत बदल झाला आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांनी फोन कुलपाशिवायच विकायचे असा नियम आला. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी घातली. त्याआधीचे जुने फोन मात्र अजून वापरात आहेत, तेव्हा तिकडून जुना फोन आला तर तपासूनच घ्यावा.

आपल्याकडे काय? आपण दुकानातून फोन घेतो तो मोकळाच असतो, आणि सिम वेगळं घेतो. पण आपल्यालाही हे कुलूप अगदी नवीन नाही. २००८ साली आयफोन भारतात पहिल्यांदा आला तेव्हा तो एअरटेल आणि व्होडाफोन ह्या कंपन्यांकडून आला आणि त्यांच्याच सिमला बांधलेला होता. २०१७ साली आलेला बटणांचा जिओफोन आपल्यापैकी कितीजणींनी १५०० रुपये अनामत भरून घेतला! त्यात फक्त जिओचं सिम चालतं. तो फोन पिशवीत टाकून सौदीला गेलात आणि तिथलं सिम घातलंत, तर तो चालणार नाही. हेच ते कुलूप.

बदलून मिळालेला फोन वेगळा का वागतो?

आता मुद्द्याचं. जुना फोन उघडलेला होता, मग त्याच्या बदल्यात मिळालेला बंद कसा?

कारण कुलपाची नोंद तुमच्या नावावर नसते. ती फोनच्या आकड्यावर असते. प्रत्येक फोनला पंधरा आकडी ओळख असते, तिला आयएमईआय म्हणतात. आपल्या गाईच्या कानातला बिल्ला आठवा. विमा काढताना डॉक्टर बिल्ल्याचा नंबर लिहितात. गाय गेली आणि दुसरी आणली, रंगानं आणि शिंगानं हुबेहूब तशीच, तरी जुन्या बिल्ल्याचा विमा तिला लागू होत नाही. नवा बिल्ला, नवा कागद. फोनचं तसंच आहे. कंपनीनं 'मोकळा' अशी नोंद केली ती जुन्या आकड्यासमोर. नव्या फोनचा आकडा नवा, त्याच्यासमोर अजून 'बंद' लिहिलेलं असू शकतं.

दोन सिमच्या फोनला असे दोन आकडे असतात, हेही लक्षात ठेवा.

बदली फोन कुठून आला ह्यावरही अवलंबून असतं.

फोन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बदलून दिला असेल, तर सहसा जुन्यासारखाच देतात. मोकळा असेल तर मोकळा. पण 'सहसा' ह्या शब्दावर विसंबून विमानात बसू नये. हातात आल्यावर लगेच तपासावा.

परदेशी मोबाइल कंपनीकडून किंवा तिच्या विम्यातून मिळाला असेल, तर तो त्या कंपनीच्या साठ्यातला असतो आणि कुलूप लागलेला असण्याची शक्यता जास्त. आपाचं हेच झालं. नव्या आकड्यासाठी नवा अर्ज करावा लागतो.

फोन बदलला नाही, पण 'बोर्ड' बदलला असेल, तरी सावध. फोनचा आकडा मुख्य बोर्डाशी बांधलेला असतो. बाहेरचं अंग तेच राहतं, आत ओळख बदलते. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या कागदावर नवा आकडा लिहून घ्या आणि तो कागद मूळ बिलाला जोडून ठेवा. उद्या विमा मागायचा झाला किंवा चोरीची तक्रार करायची झाली, तर बिलावर एक आकडा आणि फोनमध्ये दुसरा, अशी पंचाईत व्हायला नको.

सगळी कुलूपं एक नव्हेत

"फोन लॉक झालाय" हे आपण पाच वेगळ्या गोष्टींना म्हणतो. प्रत्येकाची चावी वेगळ्या माणसाकडे असते. चुकीच्या दारात गेलं की पैसे जातात.

१. पडद्याचं कुलूप. नमुना, आकडे किंवा बोट. चावी तुमच्याकडेच.

२. खात्याचं कुलूप. फोन पूर्ण पुसला तरी तो आधीच्या मालकाचं गुगल किंवा अॅपल खातं मागतो. चोरी आटोक्यात राहावी म्हणून ही सोय आहे. चावी ज्याचं खातं त्याच्याकडे. वापरलेला फोन घेताना देणाऱ्यानं आपलं खातं तुमच्यासमोर काढून द्यायला हवं.

३. हप्त्याचं कुलूप. आपल्याकडे कर्जावर घेतलेल्या काही फोनमध्ये कर्ज देणारी संस्था एक अॅप घालते. हप्ता चुकला की फोन अडतो. चावी त्या संस्थेकडे. हप्ते संपले की 'येणे नाही' असा दाखला घ्या आणि ते अॅप काढून मागा. परदेशात असताना हप्ता चुकून फोन अडला तर कोणाच्या दारात जाणार?

४. मोबाइल कंपनीचं कुलूप. ह्या लेखाचा विषय. चावी ज्या कंपनीनं लावलं तिच्याकडे.

५. काळी यादी. फोन चोरीला गेल्याची तक्रार झाली की तो आकडा बंद केला जातो आणि कुठलंच सिम चालत नाही. ह्याची चावी दुकानदाराकडे नसते. भारतात ही नोंद केंद्र सरकारच्या 'संचार साथी' व्यवस्थेत होते. ती लोकांसाठी मे २०२३ मध्ये सुरू झाली. आपला हरवलेला फोन तिथे बंद करता येतो आणि सापडला की पुन्हा चालूही करता येतो.

ह्याशिवाय एक प्रदेशाचं बंधन असतं. सॅमसंगच्या काही खोक्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पहिल्यांदा त्याच भागातलं सिम घालून सुरू करावा. इथे नवा फोन घेऊन, खोकं न उघडता, तिकडच्या जावयाला भेट म्हणून नेला आणि त्यानं तिकडचं सिम घातलं, तर तो अडू शकतो. उपाय सोपा आहे. निघण्याआधी खोकं उघडा, आपलं सिम घाला आणि सगळे मिळून पाच मिनिटांहून जास्त होतील इतके कॉल करा. तिकडून सीलबंद आलेल्या फोनलाही हाच नियम लागू शकतो. म्हणून आणणाऱ्याला सांगा, तिथेच उघडून, तिथल्या सिमवर बोलून मग आण.

घरी बसून तपासणी

पहिली पायरी, आकडा पाहा. कॉल करायच्या जागी *#०६# दाबा, म्हणजे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. पंधरा आकडे दिसतील. खोक्यावरचा आणि बिलावरचा आकडा तोच आहे का पाहा. वहीत लिहून ठेवा. बदली फोन असेल तर नवा आकडा लिहा, जुना खोडू नका, बाजूला 'जुना' असं लिहा.

दुसरी पायरी, आकडा खरा आहे का पाहा. के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग थोडी जागा, मग पंधरा आकडे, असा एसएमएस १४४२२ ह्या नंबरला पाठवा. त्या आकड्याचा फोन कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, हे उत्तरात येतं. हातातला फोन वेगळा आणि उत्तरातलं मॉडेल वेगळं असेल, तर तो फोन घेऊ नका.

तिसरी पायरी, कुलूप पाहा. आयफोन असेल तर सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट, आणि खाली 'कॅरिअर लॉक' अशी ओळ शोधा. समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा. दुसरं काही लिहिलेलं असेल तर कुलूप आहे असं समजा.

चौथी पायरी सर्वांत खात्रीची आणि ती कुठल्याही फोनला चालते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घालून पाहा. तुमचं जिओचं असेल तर शेजारणीचं एअरटेलचं पाच मिनिटं मागा. दोन्ही सिमवर कॉल लावा, समोरून येऊ द्या, आणि वायफाय बंद करून इंटरनेट चालतं का बघा. 'सिम नॉट सपोर्टेड' किंवा 'नेटवर्क अनलॉक पिन टाका' अशा अर्थाचं काही आलं, तर कुलूप आहे. पिन मागतो म्हणून अंदाजानं आकडे टाकत बसू नका. चुकीचे आकडे पुन्हा पुन्हा टाकले की फोन आणखी अडतो.

वायफायवर व्हॉट्सअॅप चालतं, ह्याला पुरावा समजू नका. वायफायला सिम लागतच नाही. आपा इथेच फसली.

कुलूप निघालं तर काय करायचं?

ज्यानं फोन घेतला त्यालाच कंपनीकडे अर्ज करायला सांगा. भाचा असो, मुलगी असो. खातं त्याच्या नावावर असतं, म्हणून आपण इथून केलेल्या विनंतीचा उपयोग होत नाही. त्याला नव्या फोनचा पंधरा आकडी नंबर पाठवा. आकडे तोंडी सांगू नका, पडद्याचा फोटो काढून पाठवा. एक आकडा चुकला तरी अर्ज दुसऱ्याच फोनचा होतो.

मंजुरी आली की फोन वायफायला जोडा, दुसऱ्या कंपनीचं सिम घाला आणि सुरू करा. तरी उघडला नाही, तर आयफोनमधली माहिती आधी साठवून, फोन पूर्ण पुसून, पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणून हे काम निघायच्या आदल्या रात्री नव्हे, निदान महिनाभर आधी करा.

आता दुकानदाराच्या वाटेबद्दल. सिमखालची चिप कुलूप उघडत नाही, ती फोनला फसवते. सिम बदललं किंवा फोनचं अपडेट आलं, की फसवणूक उघडी पडते आणि फोन बंद. त्याहून वाईट म्हणजे काहीजण फोनचा आकडाच बदलून देतो म्हणतात. तसं कधीही करून घेऊ नका. फोनचा ओळख आकडा बदलणं हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

फोन बदलायला देण्याआधी

आपल्यातल्या किती जणींच्या फोनमध्ये गटाच्या नोंदींचे फोटो, बँकेचे मेसेज, सीआरपी ताईंचं लोकोसचं काम असतं! फोन गेला की ते सगळं परक्या हातात जातं.

व्हॉट्सअॅप आणि फोटो साठवून घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवा. पैशांच्या अॅपमधून बाहेर पडा. आपलं गुगल किंवा अॅपल खातं काढा, नाहीतर दुरुस्तीत अडतं. मग फोन पूर्ण पुसा. पावती घेताना विचारा, "बदलून देणार की दुरुस्त करून? बदलला तर नवा आकडा कागदावर मिळेल ना?" परदेशातल्या विम्याचा असेल तर आणखी एक विचारायला सांगा, "बदली फोन मोकळा असेल का? नसेल तर मोकळा कधी करून मिळेल?" शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या.

मोकळा फोन असूनही अडणाऱ्या गोष्टी

फोनला सिमची फटच नसेल तर? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या 'आयफोन १४' पासून सिमची जागाच नाही. त्यात ई-सिम चालतं, म्हणजे प्लास्टिकचं कार्ड नाही, नंबर फोनच्या आतच भरला जातो. आपल्याकडे जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात. पुतण्या "नवा आयफोन पाठवतो" म्हणाला तर आधी हे विचारा. आणि ई-सिम करून देतो म्हणून कोणी फोन केला, ओटीपी किंवा मेसेजमधला कोड मागितला, तर देऊ नका. तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये गेला की बँकेचे ओटीपीही त्याच्याकडे जातात. चुकून दिलाच, तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा.

ओटीपीचं काय? परदेशी सिम घातलं म्हणून आपलं सिम काढून डबीत ठेवलं, तर बँकेचा ओटीपी येणार नाही. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही ठेवा. निघण्याआधी आपल्या सिमचं परदेशी रोमिंग सुरू करून घ्या, पण त्या सिमचं 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. इंटरनेट तिकडच्या सिमवर वापरा. नाहीतर न कळत पैसे जातात. लांब राहणार असाल तर घरच्यांना रिचार्जची आठवण करून ठेवा. ९० दिवस नंबर वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते.

सिम बदलण्याची घाई करू नका. नंबर तोच ठेवून नवं सिम घेतलं, की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. आदल्या दिवशी सिम बदललं तर विमानतळावर ओटीपी येणार नाही.

पैशांची अॅप इथेच सुरू करा. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. तिकडे गेल्यावर ते अवघड होतं. बदली फोन मिळाला की त्याच आठवड्यात हे उरका.

व्हॉट्सअॅपचा कॉल लागला नाही म्हणून फोन खराब समजू नका. दुबई, अबुधाबी आणि शारजा ज्या देशात आहेत, त्या संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर लिहिलेला निरोप जातो, बोललेला निरोपही जातो, पण कॉल लागत नाही. तिथल्या नियमांनुसार परवाना असलेली वेगळी अॅप वापरावी लागतात. तिकडे राहणारे आपले लोक ते सांगतील.

सौदीत सिम घेताना पासपोर्ट लागतो आणि बोटाचे ठसे घेतात. शेतात, भांडीकुंड्यात आपल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. हात धुऊन, थोडं तेल किंवा क्रीम लावून पुसून जा आणि घाई करू नका.

बैठकीत आलेले प्रश्न

*माझा फोन इथल्याच दुकानातला, वॉरंटीत बदलून मिळाला. मला काळजी आहे का?*

मोबाइल कंपनीच्या कुलपाची सहसा नाही. पण आकडा बदलला असेल, तर कागद जपून ठेवा. हप्त्याचा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला नवा आकडा कळवा. आणि बदली फोन सीलबंद मिळाला असेल तर इथेच आपल्या सिमवर बोलून घ्या.

*मुलगी कुवेतहून फोन पाठवते आहे. तो चालेल?*

आखातात दुकानातून रोख पैसे देऊन घेतलेल्या फोनला सहसा कुलूप नसतं. तरी पाठवण्याआधी तिला दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघायला सांगा, आणि बिलाचा फोटो मागा.

*साध्या बटणांचा फोन नेला तर?*

एकाच कंपनीला बांधलेला नसेल तर चांगलं. बॅटरी टिकते आणि हरवायची भीती कमी. पण हज-उमऱ्याचे परवाने आणि माहिती आता मोबाइल अॅपवर असते, म्हणून बरोबरच्या कोणाकडे तरी स्मार्टफोन हवा.

हा भाग कापून पासपोर्टाजवळ ठेवा

निघण्याच्या एक महिना आधी: फोनचा आकडा लिहिला का? दोन कंपन्यांची सिम घालून पाहिली का? कुलूप असेल तर ज्यानं फोन घेतला त्याला अर्ज करायला सांगितलं का?

पंधरा दिवस आधी: रोमिंग सुरू झालं का? यूपीआय नव्या फोनवर चालतं का? हप्ते भरले का?

एक दिवस आधी: माहिती साठवली का? सिम काढायची पिन आणि चार्जर पिशवीत आहे का?

आणि एक कागद, फोनमध्ये नव्हे, खरा कागद. त्यावर नवऱ्याचा किंवा बरोबरच्या माणसाचा नंबर, घरचा एक नंबर, राहण्याच्या जागेचं नाव त्या देशाच्या लिपीत, आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर. हा कागद ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या खिशात ठेवायचा.

आपा आता लेकीकडे कुवेतला जाणार आहे. बैठक संपताना तिनं शेजारणीचं सिम मागून घेतलं, आपल्या फोनमध्ये घातलं आणि तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून आवाज आला तशी म्हणाली, "काही नाही, बघत होते." मग सिम काढून परत केलं आणि पर्समधल्या कागदावर नवऱ्याचा नंबर पुन्हा एकदा ठळक करून लिहिला.